भारोभार गूळ

माझं सिझर कोणत्या दिवशी आहे, हे मला माझ्याच गाडीत कळलं.

मी एसटीत कंडक्टर आहे. तेव्हा पालम–परभणी करत होते. सहावा महिना सरत आला होता आणि थोड्याच दिवसांत मला डेपोत बसून काम मिळणार होतं. गंगाखेड सोडल्यावर मी मागून तिकिटं काढत पुढं येत होते. मधल्या सीटवर आमच्या गावची एक म्हातारी बसली होती. तिनं पदराची गाठ सोडून पैसे काढले, माझ्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाली, "माय, एकादशीचं निघालं म्हणं तुजं. बरं हाय. एकादशीचं लेकरू नशीबवान असतंय."

"काय निघालं एकादशीचं?"

"मुहूर्त गं. पोट फाडायचा. तुजी चुलत सासू सांगायली व्हती गिरणीत."

मी तिला अर्धं तिकीट दिलं, सुट्टे परत केले आणि पुढच्या सीटकडं वळले. हात त्यांचं काम करत होते, पण डोकं रिकामं झालं होतं. पोखर्णीच्या फाट्यावर माणसं उतरली, चढली, आणि मी घंटी द्यायची विसरले. ड्रायव्हर आरशात बघत शांत बसून राहिला. आमच्यात नियमच आहे, दोन घंट्या पडल्याशिवाय गाडी हलत नाही. रस्ता कितीही मोकळा असो, ड्रायव्हर कितीही जुना असो. मी दोरी दोनदा ओढली, तेव्हा कुठं गाडी निघाली.

परभणीपर्यंत मी एकच विचार करत होते. येवढी मोठी गाडी माझ्या हातातल्या दोरीवाचून जागची हलत नाही, आणि माझं स्वतःचं पोट मात्र कोण कुठं घेऊन चाललंय ते मला माहीतही नाही.

मी जाड आहे. लोक 'अंगानं भरलेली' म्हणतात, 'खात्यापित्या घरची' म्हणतात, हे सगळे शब्द त्यांच्या सोयीचे. मला जाड चालतं. वजन क्विंटलच्या वर आहे आणि लहानपणापासून मी आळीत सगळ्यांत मोठी. गच्च भरलेल्या गाडीत मी मागून पुढं निघाले की लोक आपसूक सरकतात, दारू प्यायलेलं गिऱ्हाईक आवाज खाली आणतं. नोकरीत या अंगाचा मला कधी तोटा झाला नाही. तोटा झाला तो दवाखान्यात. घसा दुखला तरी वजन, टाच दुखली तरी वजन. एकदा डोळ्यात कचरा गेला होता, तेव्हाही डॉक्टरनं जाता जाता वजन कमी करायला सांगितलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग दिवस राहिले, आणि सासूबाई हरखून गेल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. बाई साधी, कापूस वेचून वेचून बोटं कातरलेली, बोलायला कमी. तिसरा महिना लागला तशा त्या माझ्याच गाडीत बसून पोखर्णीला उतरल्या आणि नरसिंहाला नवस बोलून आल्या. घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "सून सुखरूप मोकळी होऊ दी, तिच्या भारोभार गूळ वाहीन म्हणलं."

चुलत सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, तिथंच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "जाऊबाई, लेकराच्या भारोभार तरी म्हणायचं. आता घरी गुऱ्हाळच घालावं लागतंय."

सगळे हसले. आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं, कारण त्यांच्या मनात वजनाचा विचार आलाच नव्हता. त्यांना फक्त सून दिसली होती. मीही हसले, पण माझं हसणं लवकर संपलं.

मुहूर्ताचं मूळ होतं आम्ही आधी गेलो होतो त्या खाजगी दवाखान्यात. तिथल्या सिस्टरनं माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. तो पुरला नाही. हवा भरली की चर्र करून सुटायचा. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि आकडा सांगितला. डॉक्टरांनी माझ्याकडं न पाहता नवऱ्याला म्हटलं, "बीपी हाय आहे. गोळी चालू करू. यांचं नॉर्मल होणार नाही, सिझरच."

"का?" मी विचारलं.

"वजन."

"आणखी काही?"

"तेवढं पुरेसं आहे." हेही त्यांनी नवऱ्यालाच सांगितलं. मी चप्पल घालायला बाहेर आले आणि नवरा आत थांबला. त्या थोड्या वेळात माझं ठरलं. नवव्याच्या सुरुवातीला करून टाकू, दिवस तुम्ही बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं ते घरी काकूंना सांगितलं. काकूंनी गुरुजींना विचारलं, गुरुजींनी एकादशी काढून दिली. आमच्याकडं आता हे नवं निघालंय. बारशाला मुहूर्त बघायच्या आधी ऑपरेशनला बघतात.

त्या संध्याकाळी मी ड्युटीवरून आले. नवरा ओसरीवर फवारणीचा पंप खोलून बसला होता. मी पर्स ठेवली नाही, तशीच समोर उभी राहिले.

"एकादशीला माझं काय हाय?"

त्याच्या हातातला पाना थांबला. "डॉक्टर म्हणले, आधी ठरवलेलं बरं. मग काकू म्हणल्या, ठरवायचंच हाय तर चांगला दिवस बघावा."

"डॉक्टरला विचारलं, काकूला विचारलं, गुरुजीला विचारलं. गिरणीत माहीत हाय, एसटीत माहीत हाय. ज्या बाईचं पोट फाडायचंय ती तेवढी ऱ्हायली व्हय?"

 मी अजून चार शब्द सुनावले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. मग तो खालीच बघत म्हणाला, "मला भ्या वाटायलंय. डॉक्टर धोका म्हणले, अन् त्याच्या पुढचं मला काही ऐकूच आलं न्हाई."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी बसले. "मग ऐकायचं काम मी करते," मी म्हटलं. "धोका कशाचा, किती, अन् काय केलं तर काय होतं, हे मला ऐकायचंय. ऐकून मग मी सिझर म्हणलं तर सिझर. पण म्हणणार मी."

काकू आत होत्याच. त्या दारात येऊन म्हणाल्या, "काढलेला दिवस मोडू न्हाई. इपरीत होतंय."

आणि आत्याबाई, ज्या कधी जावेला उलटून बोलत नाहीत, चुलीपुढून म्हणाल्या, "म्या नरसिंहाला सुखरूप म्हणलं व्हतं. एकादशी न्हवतं म्हणलं."

दुसऱ्या दिवशी मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभी राहिले. नंबर लागायला दुपार झाली. तिथल्या बाई डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील, चेहरा दमलेला. बीपी घेताना पट्टा पुन्हा चर्र करून सुटला. त्या थांबल्या. "हा लहान आहे. लहान पट्ट्यानं आकडा उगीच जास्त येतो," म्हणाल्या आणि दुसऱ्या वॉर्डातून मोठा पट्टा मागवला. मला गुपचूप बसायला लावलं, मग मोजलं. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. बीपी ठीक होतं. गोळी मनानं सोडू नका, काही दिवस येऊन मोजून जा, मग मी बंद करते, असं त्यांनी सांगितलं, आणि तसंच झालं. माझा दंड मोठा होता, एवढाच माझा आजार.

मला त्या पट्ट्याचा फार संताप आला. दोन वीत कापड कमी पडलं म्हणून मी महिनाभर गोळ्या खात होते. आणि कमी पडलं कापड, तरी मान खाली घातली मी.

त्या दिवशी मात्र मी सगळं विचारलं. "वजनामुळं धोका हाय का?"

"आहे," त्या म्हणाल्या. "खोटं सांगून काय करू? साखर वाढू शकते, बीपी वाढू शकतं, म्हणून तपासत राहायचं. पायात रक्त गोठू शकतं, म्हणून चालत राहायचं. सोनोग्राफीत बाळ नीट दिसायला अवघड जातं, कधी दोनदा करावी लागेल. कळा लांबू शकतात. पण नुसतं वजन आहे म्हणून आधीच सिझर, असं मी करत नाही. टाके तुमच्या अंगावर भरायला वेळ लागतो, तोही धोकाच आहे. दोन्हीकडं काय आहे ते बघून ठरवायचं."

"बाळंतपण घरी नको का?"

"घरी अजिबात नको. जिथं ऑपरेशनची सोय आहे, रक्त आहे, तिथंच."

"अन् मधीच अडलं तर?"

"तर तुम्हाला कारण सांगेन. मग ठरवू."

"ठरवू म्हणजे कोण?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "बाई, मी कंडक्टर हाय. गाडी तुम्ही चालवा, मला चालवता येत न्हाई. पण घंटी मी देणार."

त्या हसल्या नाहीत. "चालेल," म्हणाल्या. "पण घंटी वेळेवर द्यायची. उगीच दोरी धरून बसायचं नाही."

पुढं साखर थोडी वाढलीच. त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही, आणि तोंड लपवायचं कारणही नव्हतं. ज्या घरात माझ्या भारोभार गूळ बोलला होता, त्या घरात मी गुळाचा चहा सोडला. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी खायची आणि जेवल्यावर शेताच्या बांधापर्यंत चालत जायचं. वाटेत बायका विचारायच्या, "बारीक व्हायलीस व्हय?" मी म्हणायचे, "न्हाई, हिंडायलेय." काहीजणी दोन जिवांचं खा म्हणायच्या, काहीजणी खाऊच नको म्हणायच्या, आणि मला काय हवंय हे एकीलाही विचारावंसं वाटायचं नाही.

डोहाळजेवणाला कासार आला. काकूंनी आधीच हळहळ लावली होती की हिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या कुठल्या मिळायच्या. कासारानं पेटी उघडली, माझं मनगट एकदा दाबून पाहिलं आणि मोठ्या मापाचा चुडा काढून भरला. त्याच्याकडं सगळी मापं होती. मला वाटलं, दवाखान्यांनी बांगड्या भरणाऱ्याकडून एवढं तरी शिकावं.

एकादशी आली. काकू सकाळपासून दोनदा डोकावून गेल्या. मी अंगणात बसून शेंगा फोडत होते. पोटातलं निवांत लाथा मारत होतं. विपरीत काही झालं नाही.

कळा सुरू झाल्या त्या दिवस भरल्यावर, पहाटे पाणी गेल्यावर. उजाडता उजाडता आम्ही परभणीला पोचलो. त्या बाई डॉक्टर ड्युटीवरच होत्या. बाळाचे ठोके ऐकायचा पट्टा माझ्या पोटावरून सारखा घसरायचा, मग एक सिस्टर तो धरून बसली, न चिडता. मी त्या खोलीत फेऱ्या मारल्या, भिंतीला हात टेकून ओरडले, आत्याबाईंची बोटं चुरगाळली. मला माझ्या अंगाचा इतका भरवसा कधीच वाटला नव्हता. हे अंग रोज धक्के खात उभं राहतं, हे काम ते नक्की करील, असं वाटत होतं.

दुपारी सगळं थांबलं. कळा येत होत्या, पण पुढं काही सरकत नव्हतं. बाई डॉक्टर माझ्या उशाशी स्टूल घेऊन बसल्या. उभ्यानं बोलल्या नाहीत, हे मला अजून आठवतं. म्हणाल्या, "पिशवीचं तोंड उघडायचं थांबलंय, बऱ्याच वेळापासून. आणि आता कळ आली की बाळाचे ठोके खाली जातायत. परत वर येतायत, पण उशिरा. थोडं थांबता येईल. पण थांबावं असं मला वाटत नाही."

बाहेर कुणीतरी कागद घेऊन नवऱ्याकडं गेलं होतं. दार उघडंच होतं. त्याचा आवाज ऐकू आला. "सही तिची घ्या. तिला विचारा आधी."

मला रडू फुटलं. भीतीनं नाही, हिरमोड होऊन. एवढं चालले, एवढं सोडलं, एवढं भांडले, आणि काकूंचंच खरं होणार. क्षणभर वाटलं, नको म्हणावं. केवळ काकूंसाठी नको म्हणावं. मग लक्षात आलं, तसं म्हटलं तर माझ्या पोटाचं आजही काकूच ठरवणार. मी विचारलं, "ठोके खाली जायलेत ते वजनामुळं का?"

"वजनाचा आत्ता प्रश्न नाही. बाळ दमलंय."

झालं मग. मी हात वर केला आणि हवेतली दोरी दोनदा ओढली. "दोन घंट्या, डॉक्टर." त्या तशाच उठल्या आणि धावत सुटल्या. मुलगी झाली. आल्या आल्या इतकी रडली की आत्याबाई म्हणाल्या, आवाज आईचा घेतलाय.

टाके भरायला वेळ लागला. रक्त गोठू नये म्हणून सुया घ्याव्या लागल्या, दुसऱ्याच दिवशी उठून चालावं लागलं. हे सगळं मला आधी माहीत होतं. माहीत असलेलं दुखणंही दुखतंच, पण ते अंगावर चोरासारखं येत नाही.

काकू बघायला आल्या. लेकराच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाल्या, "शेवटी फाडलंच की. मग येवढं नखरं कामून केलंस?"

"काकू," मी म्हटलं, "परभणीला जाणाऱ्या दोन गाड्या एकाच रस्त्यानं जातात. एकीत मी तिकीट काढून बसले. दुसरीत तुम्ही मला पोत्यासारखं टाकणार होता." त्यांनी विषय बदलून लेकराच्या रंगाकडं नेला.

राहिला नवस. मुलगी बसायला लागली तेव्हा आत्याबाई एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "लेकराच्याच भारोभार करू गं. देव समजून घेतंय. लोक लय वंगाळ असतेत."

गावात वर्षभर त्या गुळावरून विनोद चालले होते, ते त्यांच्या कानावर होते. मला वाचवायला त्या देवाला दिलेला शब्द फिरवायला निघाल्या होत्या. मी विचारलं, "देवाला कुणाचं म्हणला होता?"

"सुनेचं."

"मग सूनच बसंल."

बोलून गेले, पण पोखर्णीला जायच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दवाखान्यात बंद खोलीत काट्यावर चढणं वेगळं आणि देवळासमोर तराजूत बसणं वेगळं. लोक हसतील याची मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती.

ओळखीच्या आडतीवरून पोती तोलायचा जुना तराजू आणला होता. तो देवळाबाहेर झाडाच्या फांदीला टांगला. एका पारड्यात मी मांडी घालून बसले, दुसऱ्यात नवरा ढेपा ठेवायला लागला. गावची माणसं, नातलग, दर्शनाला आलेली अनोळखी माणसं, सगळी गोळा झाली. एकेक ढेप चढत गेली आणि माझं पारडं जमिनीला टेकूनच. मागं कुणीतरी खिदळलं. ढेपा संपल्या. माझं पारडं हललं नाही.

नवऱ्याचा चेहरा पाहून मला कळलं. लोकांत नको म्हणून त्यानं माझं वजन मनातल्या मनात कमी धरून गूळ आणला होता.

कुणी म्हणालं, उरलेल्याचा दगड ठेवा. कुणी म्हणालं, दांडी हातानं दाबा. काकू पुढं आल्या. "झालं की. देव का मोजायलाय? उतर गं खाली."

"उतरत न्हाई," मी म्हटलं. नवऱ्याला म्हटलं, "जा, दुकानातून ढेपा आणा. पुऱ्या आणा."

तो गेला. मी पारड्यातच बसून राहिले. मुलगी भुकेनं रडायला लागली, तर आत्याबाईंकडून तिला मागून घेतली, पदर ओढला आणि तिथंच पाजायला घेतली. सगळे बघत होते. मी त्यांच्याकडं एकेकाकडं बघत होते, तिकीट राहिलेल्या माणसाकडं बघावं तसं. खिदळणं आपोआप बंद झालं.

मुलीला परत दिलं, ढेपा आल्या. नवऱ्यानं मान खाली न घालता त्या ठेवल्या. शेवटची ठेवली आणि माझ्या खालची जमीन सुटली. मी हलके हलके वर आले, समोरचा गूळ खाली आला आणि दांडी मधोमध थांबली. आत्याबाईंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि माझ्याही.

मग त्यांनी दगडानं ढेप फोडली. डॉक्टरांनी साखर आता बरी असल्याचं सांगितलं होतं, म्हणून पहिला बारीक खडा मी तोंडात टाकला. बाकीचा वाटायला मीच उभी राहिले. हसलेले, न हसलेले, सगळे रांगेत आले. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. काकूंचा नंबर आला तेव्हा त्यांनी हात जेमतेम पुढं केला, चिमूटभर घ्यायला.

मी त्यांचे दोन्ही हात धरून ओंजळ पसरली. "मोठा खडा घ्या, काकू," मी म्हटलं. "कमी पडायचा न्हाई."